रेणुकाचा एमआरआय आणि शिवेची धार

तुमच्या अंकातले असे अनुभव मी शेठच्या दुकानात वाचतो, गिऱ्हाईक नसलं की. खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचायचो. माझ्या आईनं देवऋषी आणि उतारे यांच्यापायी घरातल्या कोंबड्या एकेक करून संपवल्या आणि बाप तरीही गेला. तेव्हापासून भूत, बाधा, करणी ह्या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, त्या सांभाळून घ्या. पण हे कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि इथल्या माणसांना सांगायची माझी हिंमत नाही.

मी मूळचा किनवटकडचा. तिथून इथं यायचं म्हणजे एक रात्र आणि एक दिवस मोडतो. नारायणगावच्या कांतीशेठनी मला मार्केटात क्रेट उचलताना पाहिलं आणि स्वतःच्या शेतावर ठेवून घेतलं. शेठ जैन, आजोबांच्या वेळेपासून इथलेच, टोमॅटोची आडत आणि औषधं-बियाणांचं दुकान. आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे जाताना, बेल्ह्याच्या अलीकडे एक वाडी लागते, तिथं त्यांचा प्लॉट. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्लॉटच्या कडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधून दिलं, लाईट दिली, आणि म्हणाले, "किसन, बायकोला घेऊन ये. एकटा माणूस नीट जेवत नाही." असं कोण म्हणतं हो परक्या माणसाला?

रेणुका आली. मी दुकानातून आणलेल्या रद्दीतल्या बातम्या तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो, मध्येच अडखळायचो. त्यावरून तिनं माझं नाव पाडलं – मास्तर. "काहून थांबले मास्तर, पुढचा धडा आला नाही का?" चारचौघांत नाही, फक्त घरात. सातवी नापास माणसाला मास्तर म्हणणारी ती जगात एकटीच होती.

हे सगळं घडलं २००४ च्या आषाढ-श्रावणात.

आषाढात त्या वाडीत एक रीत आहे. गावाच्या शिवेवरून दुधाची धार फिरवतात. भिवाबाबा म्हणून तिथले म्हातारे गुरव आहेत, ते तोटीचा तांब्या घेऊन शिवेवरून चालतात, मागून लोक दूध ओतत राहतात, कारण धार मध्ये तुटायची नाही. जिथून सुरू केली तिथंच आणून मिळवायची. मग म्हणे वर्षभर बाहेरचं आत येत नाही. त्या दिवशी मी शेठबरोबर मार्केटात होतो, मला काही माहीत नव्हतं. घरी आलो तेव्हा मागच्या दारापाशी मातीत दुधाचे डाग होते आणि मुंग्या. आमच्या घराचं मागचं दार नेमकं शिवेवर येतं – घर शिवेच्या आत, मागचा टोमॅटो बाहेर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रेणुकाला पहिला झटका आला. भाकरी थापता थापता हात वाकडा झाला, डोळे वर गेले. मी तिचं डोकं मांडीवर धरून नुसता ओरडत बसलो. शुद्धीवर आली तेव्हा तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. मागच्या दाराकडे बघत म्हणाली,

"कडी लावा."

"काहून? दिवस आहे अजून."

"तिकडं मी उभी आहे."

मला वाटलं, झटक्यात बोलतेय. पण हे रोजचं झालं. दुपारी पडल्या पडल्या ती मागच्या दाराकडे तोंड करून झोपायची आणि सांगायची – ती बांबूला धरून उभी आहे, ती दाराजवळ आली, तिचा पदर माझ्यासारखाच फाटलाय. मी दार उघडून दाखवायचो. टोमॅटो, तारा, बांबू, वारा. दुसरं काही नाही.

वाडीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं आहे, दाखवून घ्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवीन. शेठनी स्वतःच्या जीपमधून पुण्याला नेलं, मोठ्या हॉस्पिटलात.

तिथं एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांचा अशाच पेशंटवर अभ्यास चालू होता. मोठी माणसं आमच्यासारख्याला काही समजावून सांगत नाहीत, 'सही करा' म्हणतात. ह्या बाईंनी खुर्ची ओढून समजावलं. म्हणाल्या, "तुमच्या शेताला कुंपण असतं ना? तसं मेंदूलाही आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आतून इतकं घट्ट अस्तर असतं, की रक्तातलं सगळंच मेंदूत जात नाही. आम्ही हाताच्या शिरेतून एक औषध सोडतो. कुंपण शाबूत असेल तिथं ते बाहेरच राहतं. फुटलं असेल तिथं आत झिरपतं आणि एमआरआयमध्ये ती जागा पांढरी दिसते. कुंपण कुठं फुटतं आणि कधी सांधतं, हे आम्ही बघतोय. तुमच्या बायकोला परत परत यावं लागेल. याल का?"

मी म्हटलं, रांगत येईन.

"आणि हे मागं कुणी उभं दिसणं?" शेठनी विचारलं.

"होतं असं. स्वतःच स्वतःला दिसणं, मेंदूच्या काही भागांत गाठ असली तर होतं. घाबरू नका."

त्यानं मला लई धीर आला. भुताला नाव नसतं, ह्याला होतं.

मशीनमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही. बांगड्या निघाल्या, जोडवी साबण लावून निघाली. मंगळसूत्र काढताना मात्र रेणुका रडायला लागली. मी तिला म्हटलं, अगं थोड्या वेळाचं काम आहे. तिनं ते माझ्या शर्टाच्या खिशात घातलं, वरून हातानं दाबलं आणि रडता रडता हसली. "हरवू नका मास्तर. नाहीतर परत आल्यावर मी तुमचीच हे कशावरून ओळखाल?"

ते तिचं वाक्य आज लिहितानाही माझा हात थांबतो.

बाहेरच्या बाकावर त्या मशीनचा ठोकाठोकीचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा ती गार पडली होती. म्हणाली, औषध सोडल्यावर तोंडात तांब्याची चव आली, आणि मग तिला कुणीतरी बाहेरून हाका मारत होतं. मी म्हटलं, मशीनवाला बोलला असेल, माईक असतो. ती म्हणाली, "माझ्याच आवाजात?"

परत येताना मंचर यायच्या आधी, अवसरी फाट्याजवळ, जीपमध्ये तिला मोठा झटका आला. आम्ही गाडी कडेला घेतली, शेठनी स्वतःच्या रुमालानं तिची लाळ पुसली. तिला कसंबसं घरी आणून खाटेवर टाकलं. मंगळसूत्र माझ्या खिशात तसंच राहिलं. एवढ्या धावपळीत कुणाला आठवतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाबाबा चौकशीला आले. शेठही होते, हॉस्पिटलनं दिलेली फिल्म घेऊन रिपोर्ट समजावत होते. गाठ आहे, कॅन्सरची नाही, जंताची किंवा टीबीची असावी, गोळ्यांनी जाते. भिवाबाबांनी हात पुढे केला. "पघू तरी काय असतंय."

शेठनी फिल्म आभाळाकडे धरली. एका चौकटीत करड्या मेंदूत पांढरं कडं होतं. सरळ गोल नव्हतं. एका बाजूला पोट आत गेलेलं, वर एक टोक निघालेलं, आणि खाली एका जागी कडं जुळलेलंच नव्हतं.

भिवाबाबा फिल्मच्या अगदी जवळ सरकले. मग म्हणाले, "ही कुनी काढली?"

"मशीननं, बाबा."

"आमच्या गावाची शीव मशीनला कशी ठावं?"

शेठ हसले. "बाबा, ढगातसुद्धा घोडा दिसतो."

"हसू नका शेठ. आवंदा चाळीस वरसं ह्या शिवेवरनं चालतोय मी." त्यांनी फिल्मवर बोट ठेवलं. "ह्यो वढ्याचा वाक. ही टेकाडाची सोंड. हितनं रस्ता. आन हे…" बोट त्या तुटलेल्या जागेवर आलं. "हे ह्यांचं मागलं दार."

मग ते तिथंच मातीत बसले. म्हणाले, धारेच्या दिवशी रेणुकाला अडचण होती, ती मागच्या दारात बाजूला बसली होती. तिच्यासमोरून धार कशी न्यायची, म्हणून त्यांनी तोटी उचलली आणि तिच्या पलीकडे परत सोडली. खाटेएवढं अंतर कोरडं राहिलं. "परकी मान्सं, त्यांना काय सांगायचं, म्हनून बोललो न्हाई. चुकलं माझं."

माझा ह्यावर विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांना एवढंच विचारलं, "बाबा, तिला मागच्या दारात काय दिसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"न्हाई. काय दिसतंय?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "आसं हाय व्हय. मंग घाई करून चालायचं न्हाई. धार मिळवायच्या आदी पघावं लागतं, आत कोन हाय आन बाहेर कोन हाय. एकदा मिळाली की मिळाली."

पण ते हे बोलत असतानाच आतून खाट वाजायला लागली. त्या दिवशीचा झटका थांबेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी दिली, तरी ओठ निळे पडले. थांबला तेव्हा ती एवढी थकली होती की डोळे उघडेनात. मी भिवाबाबांचे पाय धरले. म्हटलं, माझा विश्वास नाही, पण तुम्हाला जे करायचं ते आत्ता करा, दूध मी आणतो.

दूध गोळा करून आणेपर्यंत भर दुपार झाली. ऊन-सावलीचा खेळ. प्लॉटवर त्या दिवशी कुणी कामाला नव्हतं, सगळी माणसं बेल्ह्याच्या बाजाराला गेली होती. आम्ही रेणुकाची खाट मागच्या दाराच्या आत आणली. भिवाबाबांनी धार जिथं तुटली होती तिथं सोडली आणि दारासमोरून चालत दुसऱ्या टोकाशी आले. हातभर जागा राहिली तेव्हा थांबले. धार तिथंच पडत राहिली. मी वरून दूध ओतत होतो. शेठ माझ्या मागं उभे.

रिवाज असा आहे, बाबा दोनदा विचारतात. पहिल्यांदा घरातलं माणूस उत्तर देतं. दुसऱ्यांदा कुणी देत नाही. मग धार मिळवतात.

"आत कोन हाय?"

रेणुकानं डोळे उघडले. तिचे ओठ हललेले मी पाहिले. "मी हाय."

"बाहेर कोन हाय?"

टोमॅटोच्या सरीतून, आमच्यापासून फार लांबून नाही, रेणुकाच्या आवाजात उत्तर आलं.

"मी हाय."

घाबरलेला आवाज होता तो. हे मी कधीच विसरणार नाही… धमकावणारा नाही, खुनशी नाही. पाण्यात पडलेलं माणूस बोलतं तसा.

शेठ हळूच म्हणाले, "प्लॉटमध्ये बाई आहे का रे कोणी?" मी मान हलवली. तांब्यातलं दूध खाली चाललं होतं, मागं आणखी उरलं नव्हतं.

"किसन," भिवाबाबांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "तुझी कोनती?"

"म्हणजे काय बाबा… ही काय, खाटेवर आहे ना."

"ती तुझी हाय का, ते मी इचारतोय. आसंल तर तुझी खूण तिच्या गळ्यात बांध. मंग मी मिळवतो. लवकर राव, दूध सरलं."

खूण माझ्या खिशातच होती. मी काय करायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा. माझी बायको माझ्यासमोर पडलेली, अंग गार, डोळे माझ्याकडे लावलेले. जिला हात लावता येतो ती माणूस, आवाज तो भास – कुणीही असंच म्हणेल. मी मंगळसूत्र काढलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. गाठ मला बसेना, ती तिनंच धरली.

धार मिळाली. बाहेरून पुन्हा आवाज आला नाही. वारा होता तोही पडला.

त्या दिवसापासून रेणुकाला झटका नाही. आजतागायत नाही. गोळ्या चालू होत्या, त्यातली मी एकही चुकवली नाही, तेव्हा गुण कशाचा ते मी ठरवत नाही. पुढच्या एमआरआयला कडं पूर्ण जुळलेलं आलं. त्याच्या पुढच्याला ते कडंच राहिलं नव्हतं, फक्त एक वाळलेला ठिपका. मॅडमनी दोन्ही फिल्म शेजारी लावून दाखवल्या. खूश होत्या. "बघा, कुंपण सांधलं. औषध आता आत जात नाही. रक्तातलं रक्तात, मेंदूतलं मेंदूत." मी त्यांच्या पाया पडलो. खोटं नाही सांगत, आजही झोपताना त्यांचं आणि शेठचं नाव घेतो.

मग मला काय खुपतंय, असं तुम्ही विचाराल.

सगळं ठीक झाल्यावर एकदा मी पेपर वाचून दाखवत होतो. अडखळलो. सवयीनं थांबलो – ती आता बोलेल म्हणून. ती शांत बसून राहिली. म्हणाली, "अहो, वाचा ना पुढं." तेव्हा माझ्या लक्षात आलं, धार मिळवली त्या दुपारपासून ती मला मास्तर म्हणाली नव्हती.

मी विचारलं, "तू मला आधी काय म्हणायचीस?"

तिनं खरंच विचार केला. "अहोच म्हणायची की."

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढ्या झटक्यांनंतर काही गोष्टी पुसल्या जातात, त्यात नवल नाही. बरोबर असेल. कारण बाकी तिला सगळं येतं. आमच्याकडची आंबाडीची भाजी तशीच करते. माझ्या आईचं नाव, आमच्या लग्नात कोण रुसलं होतं ते, सगळं आठवतं. शेठच्या घरचे तर म्हणतात, आजारपणातून उठली आणि किती शहाणी झाली. भांडत नाही, रडत नाही. मीच तेवढा चुळबुळत असतो.

भिवाबाबांना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "आता नको इचारूस. सुखानं ऱ्हा." दुसऱ्या वर्षी धार त्यांच्या पुतण्यानं फिरवली. शेठनी मागच्या प्लॉटात पुन्हा टोमॅटो लावला नाही, द्राक्षं लावली. त्या दुपारचा विषय काढला की म्हणतात, पत्र्यावरून आवाज फिरतो, तिचाच ऐकला आपण दोनदा. पण त्या प्लॉटात ते एकटे कधी जात नाहीत, हे मी पाहतो.

गेल्या हिवाळ्यात मी तिथं ठिबकची नळी जोडत होतो. शिवेच्या बाहेर, मागच्या दाराकडे पाठ करून. दुपारच होती. वेलींच्या पलीकडून, अगदी ओळखीच्या सुरात –

"मास्तर…"

मी नळी धरून तसाच बसलो.

"काहून एवढा वेळ लावला? माझं मंगळसूत्र आणलं का?"

मेंदूतला आजार तिला होता, मला नाही. माझा कधी एमआरआय झालेला नाही. मला ते कशानं ऐकू आलं, हे मी मॅडमना विचारलेलं नाही, कारण त्यांनी सरळ उत्तर दिलं तर ते कोणतंही असलं तरी मला झेपणार नाही. आणि कुणी वाचक म्हणेल, बायकोला घेऊन किनवटला जा परत. तेही मनात येतं. पण मग वाटतं, आपण निघून गेलो आणि तिथं बाहेर खरंच कुणी वाट बघत असलं तर…

त्या दिवशी मी मान वळवून पाहिलं. वेलींकडे नाही, घराकडे. रेणुका मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनंही ऐकलं होतं, तिच्या तोंडावरून कळत होतं. पण कोण बोललं, असं तिनं विचारलं नाही. गळ्यावरून पदर नीट घेतला आणि म्हणाली,

"अहो, आत या."

मी आत गेलो. कडी तिनंच लावली.